एका खुर्चीचा हॉल

आमच्या घरचा फ्रिज रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेसात बंद असायचा. तो बिघडला नव्हता, आणि आम्ही काही वीज वाचवणाऱ्यातले नव्हतो. शेजारच्या माणसाला सारंगी नीट ऐकू यावी म्हणून तो बंद असायचा. कोणाला सांगितलं की वाटतं मी थट्टा करते आहे. अहो, भिलाईचा मे महिना पाहिला आहे का तुम्ही? त्यात एक तास फ्रिज बंद! आमच्या घरी बर्फ म्हणून कधी धड जमला नाही. आई पाहुण्यांना कोमट सरबत द्यायची आणि भिंतीकडे हात करून म्हणायची, "बर्फ सारंगीवाल्यांनी नेला."

पहिल्यांदा ते सांगायला आले तेव्हा दारात चपला काढून उभे राहिले. हातात वाटी होती म्हणून मला वाटलं, साखर मागायला आले असतील.

"बाई, तुमचा फ्रिज चालू होते ना, तेव्हा माझ्याकडे टक् होते," ते म्हणाले.

"टक् म्हणजे?" मी विचारलं.

"टक्. सारंगीच्या मधात. एकदम बारीक. पण एकदा ऐकू आलं का मंग दुसरं काही ऐकूच येत नाही जी."

"मग मी काय करू? फ्रिज फेकून देऊ?"

"नाही नाही. एक तास बंद ठेवला तरी चालन," ते अगदी गंभीरपणे म्हणाले आणि वाटी पुढे केली. वाटीत त्यांच्या बायकोने दिलेला शिरा होता. लाच घेऊन आले होते. आईने शिरा चाखला, आणि आमचा फ्रिज पुढची कितीतरी वर्षं तास-तासभर मुका झाला.

आम्ही सेक्टर दहामध्ये स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी प्लांटच्या एका ऑफिसात क्लार्क. लग्न केलं नाही, ते का नाही केलं हा विषय वेगळा. घरी आई आणि मी. शेजारी हे गृहस्थ आणि त्यांची बायको, आमची त्यांची मधली भिंत एकच. दोघं मूळचे वर्धेकडचे. मी त्यांना काकाजी म्हणायचे, तिला काकू. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली.

काकाजींच्या हॉलमध्ये खुर्ची एकच होती. आधी सोफा होता म्हणे, पण त्याच्यामुळे आवाज दबतो म्हणून तो त्यांनी कोणाला तरी देऊन टाकला. पाहुणे आले की व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या टाकायच्या. आत फक्त ती एक, लाकडी, उंच पाठीची. फरशीवर पिवळ्या पेंटने चार खुणा केलेल्या, प्लांटमध्ये मशीन कुठे बसवायची ते आखतात तशा, आणि खुर्चीचे चार पाय बरोबर त्या खुणांवर. समोर माझ्या खांद्याएवढे उंच दोन स्पीकर. मधे बुटक्या टेबलावर रेकॉर्ड लावायचं यंत्र आणि काचेच्या वॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. तो तापून लालसर उजळायला अर्धा तास लागायचा. बाजेच्या दोरीएवढ्या जाड वायरी जमिनीला टेकू नयेत म्हणून लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवलेल्या. काकूंना तिथे झाडू मारायची परवानगी नव्हती. त्या फडकं घेऊन वायरींच्या खालून हाताने कचरा काढायच्या.

"आवाज साऱ्या खोलीत राहात नाही, पोरी," काकाजी मला समजावून सांगायचे. "त्याची एक जागा असते. तिथून चार बोटं इकडं सरकलं का गाणारी बाई भिंतीत जाते. चार बोटं तिकडं सरकलं का तबलेवाला तिच्या मांडीवर येते."

"आणि बरोबर जागेवर बसलं की?"

"मंग डब्बा दिसत नाही. डोळे उघडे असले तरी स्पीकर दिसला नाही पाहिजे. माणूस दिसला पाहिजे."

असं म्हणताना त्यांचा चेहरा इतका खुलायचा की मला चेष्टा करवायची नाही. एरवी मी चेष्टेची संधी सोडणाऱ्यातली नाही.

गंमत म्हणजे त्यांच्याकडे चारेकशे रेकॉर्ड होत्या आणि त्यातली एकही त्यांनी शेवटपर्यंत ऐकलेली नव्हती. तीन मिनिटं झाली की उठायचे. डावा स्पीकर नखभर फिरवायचे. वापस येऊन बसायचे. सुई पहिल्यापासून. पुन्हा तीन मिनिटं, पुन्हा उठणं. भिंतीपलीकडून आम्हाला प्रत्येक रागाची फक्त सुरुवात पाठ झाली होती. आई म्हणायची, या माणसाच्या घरी गवई येतात, पाणी पितात आणि जातात.

काकूंनी एकदा माझ्यादेखतच विचारलं, "तुमी गाणं ऐकता का मशीन ऐकता जी?"

काकाजींना राग नाही आला. विचार करून म्हणाले, "मशीन नीट झालं का गाणं ऐकीन."

वीस-बावीस वर्षं ते मशीन नीट होत होतं.

प्लांटमध्ये त्यांची ड्यूटी कॉम्प्रेसरवर होती. तिथे उभं राहून बोलायचं म्हणजे समोरच्याच्या कानात ओरडायला लागतं. तिथली माणसं रिटायर होतात तेव्हा घरीसुद्धा ओरडूनच बोलतात, आणि बायका त्यांच्याशी खुणांनी. काकाजी मात्र पहिल्या दिवसापासून कानात बोळे घालून वर कानावरचे ते डबे चढवायचे. सगळी शिफ्ट हसायची त्यांना. लग्नात बँड लागला की खिशातून कापूस निघायचा. गणपती विसर्जनात तर मी त्यांना डबे लावून आरती म्हणताना पाहिलेलं आहे. "लोकं रिटायर होताना फंड घेऊन निघतात, मी कान घेऊन निघीन," ते म्हणायचे, आणि खरंच ते साठाव्या वर्षी दुसऱ्या खोलीतलं घड्याळ ऐकू शकायचे.

त्यांची आणखी एक खोड होती. कुठल्याही नव्या खोलीत गेले की उभ्या उभ्या एक टाळी वाजवायचे. खण्णदिशी. मग मान तिरपी करून ती टाळी भिंतींवरून कशी परत येते ते ऐकायचे. डॉक्टरच्या केबिनमध्ये, बँकेत, कुणाच्या साखरपुड्यात. लोक वळून पाहायचे, काकू पदर तोंडावर घ्यायच्या.

एकदा त्यांच्याच शिफ्टमधला एक माणूस गेला. तेरवीला आम्ही सगळे त्याच्या घरी. नवीन बांधलेलं घर, मोठा हॉल, अजून सामान यायचं होतं. भिंतीशी बायका बसलेल्या, मधे हार घातलेला फोटो, उदबत्ती. सगळे खाली मान घालून. काकाजी आत आले, चपला काढल्या, आणि सवयीने टाळी वाजवली.

अरे बाप्पा! ती टाळी त्या रिकाम्या हॉलमध्ये चार वेळा घुमली. एक म्हातारी दचकून रडायची थांबली. मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. काकूंनी डोळे मिटले. काकाजींच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, पण तोंडातून निघायचं ते निघालंच. गेलेल्या माणसाच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, फार घुमते जी हे. जाडे पडदे लाव. तुझी आई एकटी बसन इथं, रडली तर तिलेच वापस ऐकू येईन."

घरी येताना काकू एक शब्द बोलल्या नाहीत. मीच दोन दिवस बोलले, म्हणजे जो भेटेल त्याला ही कथा रंगवून सांगितली. हसून हसून पोट दुखलं लोकांचं. त्यांचं शेवटचं वाक्य मी कोणाला सांगितलं नाही. गोष्टीत ते बसत नव्हतं.

ऐकायच्या तासाला काकू स्वयंपाकघराच्या दारात बसायच्या. उंबऱ्याला पाठ टेकून, मांडीवर ताट, ताटात लाल भाजी नाहीतर शेंगा. बोलायचं नाही, भांडं हलवायचं नाही, कुकर आधी उतरवून ठेवायचा. त्या एका तासात त्या घरात फक्त त्यांची बोटं हलायची.

एका संध्याकाळी काकाजींना काहीतरी किणकिण ऐकू आली. झालं! सुई तपासली. वॉल्व्ह तपासले. स्पीकरचे स्क्रू आवळले. आमच्या घरी येऊन फ्रिजला कान लावला, खिळ्यावरच्या किल्ल्या काढून गादीखाली ठेवायला लावल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना चोर सापडला. काकूंच्या हातातल्या काचेच्या बांगड्या. शेंगा सोलताना एकमेकींवर आपटत होत्या.

मी आणि आई तेव्हा तिथेच होतो. काकाजी अगदी सहज म्हणाले, "तेवढ्या वेळ काढून ठेवत जा ना."

आईच्या हातातला कप तसाच राहिला. "काय बोलता भाऊ तुम्ही? सवाष्णीले बांगड्या काढाले सांगता? आन् तेबी स्वतः नवरा?"

"मी कायमच्या नाही म्हणून राह्यलो. एक तास."

काकू उठल्या, आतून काकाजींचाच एक रुमाल आणला, बांगड्या मनगटावर घट्ट सारल्या आणि वरून रुमाल गुंडाळला. गाठ त्यांना एका हाताने मारता येईना. ती मी मारली. तेव्हापासून रोज साडेसहाला दोन्ही मनगटांना रुमाल. नवीन कोणी पाहिलं तर वाटायचं, बाईला भाजलं की काय.

मला काकाजींचा त्या दिवशी संताप आला होता, आजही येतो. पण माणूस वाईट नव्हता हो. काकूंना ताप आला तर रात्र-रात्र उशाशी बसणारा. कधी आवाज चढवून बोलला नाही. आवाज चढवणं त्याला सहनच व्हायचं नाही.

आणि माझ्या आईसाठी त्यांनी जे केलं ते मी विसरूच शकत नाही. शेवटच्या वर्षी आईला फार कमी ऐकू यायचं. आजारी होती, दिवसभर पडून असायची, आणि बोलणं ऐकू येत नाही म्हणून बोलेनाशी झाली. एका संध्याकाळी काकाजी आले. "तुया आईले आण," म्हणाले.

दोघांनी मिळून तिला उचलून नेलं. आणि त्यांनी आईला त्या खुर्चीवर बसवलं. ती खुर्ची! मी स्वतः तोपर्यंत तिच्यावर बसले नव्हते. उशी लावून तिचं डोकं नीट केलं, गुडघ्यांवर बसून तिच्या कानाच्या रेषेत पाहिलं, दोन्ही स्पीकर हाताने थोडे आत वळवले आणि पेटीची एक रेकॉर्ड लावली. पहिल्यांदाच ते तीन मिनिटांत उठले नाहीत. भिंतीला टेकून आईच्या तोंडाकडे पाहात राहिले.

थोड्या वेळाने आईने बोट वर केलं. दोन स्पीकरांच्या मधे, जिथे नुसती भिंत होती, तिथे. "तो कोण बसला हाय वं? पेटीवाला? त्याले चहा दिला का?"

काकाजींनी हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागले. "दिसला! आईले माणूस दिसला!" आवाजाच्या मागे लागलेला तो माणूस तेव्हा मला पहिल्यांदा कळला. मीही रडले. आई मात्र पेटीवाल्याला चहा मिळाला नाही म्हणून नाराज होती. पुढे दोन महिन्यांनी ती गेली.

आईला खुर्चीवर बसवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी अंगणात काकू उडदाच्या वड्या, इकडची बिजौरी, वाळत घालत होत्या. मी मदतीला बसले. त्या म्हणाल्या, "तुया आईले बसवलं, लय बरं वाटलं मले. पण खरं सांगू का? मले इतक्या वर्षांत एकदा म्हटलं नाही त्याईनं, का तू बसून पाह्य."

"मग तुम्ही म्हणायचं ना काकू."

"आपल्याच घरात बसाले बी मागा लागते का?"

मला कुठे गप्प बसवतं! त्याच संध्याकाळी काकाजींना गाठलं आणि म्हटलं, काकूंना बसवा एकदा खुर्चीवर. ते चकितच झाले. "तिनं कधी म्हटलं नाही."

"म्हणत नसतात काकाजी."

ते मनापासून विचारात पडले. मग म्हणाले, "बसवीन. डाव्या बाजूचं थोडं जमू दे. तिले अर्धवट कावून ऐकवू?"

डाव्या बाजूचं काही शेवटपर्यंत जमलं नाही.

मग पुण्याला मुलीचं बाळंतपण आलं. काकू तीन महिन्यांसाठी म्हणून गेल्या. दुर्ग स्टेशनवर मीच सोडायला गेले होते, कारण काकाजींना प्लॅटफॉर्मवरच्या घोषणा सहन होत नाहीत, ते बाहेर ऑटोपाशी उभे. तीन महिन्यांचे पाच झाले, पाचाचे आठ. मी फोन केला की काकू मोठ्याने बोलायच्या. इतक्या मोठ्याने मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"कधी येता काकू?"

"अवं, इथं पोरगं रडते, मिक्सर चालते, खाली हॉर्न वाजून राह्यते. मी बी जोरात बोलते. गाणं म्हणते पोरासाठी, बेसूर. मले कोणी गप म्हणत नाही." मग म्हणाल्या, "तिथं मी बावीस वर्षं पाय न वाजवता चालली, बाई. आता वाजत-गाजत चालून राह्यली."

"पण काकाजी एकटे आहेत."

"ते त त्या खुर्चीवर एकटेच असतात. मी असली तरी."

पण त्यांनी दार लावून घेतलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. त्याच फोनवर म्हणाल्या होत्या, "रिटायर झाले का क्वार्टर सोडा लागते. दुर्गच्या बोरसीत आपला प्लॉट हाय, तिथं घर बांधतीन. त्याईले सांग, त्या घरात मले बसाले जागा ठेवा म्हणा. मी येते."

मी निरोप जसाच्या तसा पोचवला. काकाजींचे डोळे चमकले. "ठेवतो ना. एक नंबर जागा ठेवतो. सांग तिले."

त्यांनी काय ऐकलं ते त्यांनाच ठाऊक. क्वार्टर सोडायला अजून वर्ष होतं, तेव्हाच पंधरा दिवस ते टेप घेऊन हॉल मोजत होते. लांबी, रुंदी, उंची, दाराची चौकट, खिडकी ते कोपरा. वीस-बावीस वर्षं ज्या खोलीत आवाज जमवत आणला ती खोली ते कागदावर उतरवून बोरसीला घेऊन निघाले होते. तिथे तस्साच हॉल बांधायचा, इंचाला इंच, फक्त त्याचे दोष काढून. रस्त्याकडची खिडकी नको. भिंती दुहेरी, मधे कापूस. भिलाईच्या पावर हाउस भागातल्या बाजारातून त्यांनी इतका कापूस आणि गाद्यांचं इतकं कापड उचललं की दुकानदाराने विचारलं, "घर में शादी है क्या साहब?" काकाजी म्हणाले, "वैसा ही समझो."

मिस्त्री छत्तीसगढी होता, साधा माणूस. मी बांधकाम पाहायला गेले तर मलाच बाजूला घेऊन म्हणाला, "दीदी, एमा खिड़की नइ रही त हवा कोन डहर ले आही?" मी काय सांगू, हवा कुठून येणार ते! मी काकाजींना म्हटलं, "काकूंनी बसायला जागा मागितली आहे, तिजोरी नाही."

"तिच्यासाठीच त करून राह्यलो," ते म्हणाले. "आता तिले उंबऱ्यावर बसा लागणार नाही. आता स्वयंपाकघर हॉलपासून एकदम दूर. ती तिथं काहीबी वाजवो. मले ऐकूच येणार नाही."

हे ते आनंदाने सांगत होते. त्यांना वाटत होतं, भांडण मिटवलं. मी त्या दिवशी पहिल्यांदा बोलायचं ते बोलले नाही. सांगायला हवं होतं मी तेव्हाच. आता काय उपयोग म्हणा.

घर झालं, सामान गेलं. वास्तुशांत राहिली, कारण पूजेला जोडप्याने बसावं लागतं आणि जोडप्यातली एक पुण्याला. भटजींनी दोनदा विचारलं. काकाजी म्हणाले, "येऊन राह्यली ती." बिनपूजेच्या घरातच राहायला लागले. इकडे सेक्टर दहाला त्यांच्या क्वार्टरमध्ये एक तरुण कुटुंब आलं, त्यांचा टीव्ही सकाळपासून चालतो. माझा फ्रिजही आता रात्रंदिवस चालतो. आई गेल्यापासून मला त्याची घरघर ऐकू यायला लागली आहे, आधी कधी यायची नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी मी स्कूटीवर बोरसीला गेले. काकाजी वाळले होते. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, दाढी वाढलेली. मला पाहून एवढे हरखले की आधी पाणी विचारायचं विसरले.

"चल, चल, बस. झालं. डाव्या बाजूचं जमलं."

मला त्यांनी खुर्चीवर बसवलं. जाड दार लावलं, आणि बाहेरचं जग पुसल्यासारखं गेलं. कुत्री नाहीत, गाड्या नाहीत, काही नाही. मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. मग त्यांनी सुई ठेवली, आणि समोर एक बाई येऊन बसली. खोटं नाही सांगत. श्वास घेताना तिचे ओठ विलग झाल्याचं मला ऐकू आलं. तिच्या मागे, थोडा उजवीकडे, तंबोरा. स्पीकर कुठे आहेत ते मला सांगता आलं नसतं. इतकं सुंदर मी जन्मात काही ऐकलं नव्हतं. आणि तितकंच एकटं मला कधी वाटलं नव्हतं. मी मान वळवून पाहिलं तर काकाजी मागे भिंतीशी उभे, आणि त्यांच्या शेजारी कोणी नाही.

"तुम्ही रोज ऐकत असाल आता," मी बाहेर आल्यावर म्हटलं.

"नाही जी. अ‍ॅम्प्लिफायर लावतो. तापते. मंग बंद करतो."

"का?"

"जमलं ना आता. सांगाले कोणी पाहिजे."

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. काकूच होत्या. आम्ही बाहेर पायरीवर बसलो होतो. त्यांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि दोघांच्या मधे धरला.

"जेवले का जी?"

"हो. हे आली हाय आपली शेजारीण." मग घाईघाईने, "जमलं बरं का. सारं जमलं. विचार हिले. तू येऊन जा. पूजा राह्यली हाय."

"पूजेले येते ना. दोन दिवस. मंग?"

"मंग राह्य इथंच. तुयंच त घर हाय."

"कुठं बसू?"

इतकं साधं विचारलं त्या बाईने. मी मनात म्हटलं, खोटं बोला हो काकाजी. म्हणा, सोफा आणतो. म्हणा, झोपाळा लावतो. पण आवाजाच्या बाबतीत तो माणूस जन्मात खोटं बोलला नव्हता. एका खोलीत आवाजाची जागा एकच. त्यांचे ओठ हलले, थांबले. मग ते म्हणाले, "खुर्चीवर तू बस. रोज. मी बाहेर बसत जाईन."

त्या माणसाने त्याच्याजवळ होतं नव्हतं ते सगळं देऊन टाकलं होतं. मला त्यांचा हात धरावासा वाटला.

पलीकडे काकू हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता, तेच वाईट होतं. "म्हणजे एक आत आन् एक बाहेर. बावीस वर्षं तेच त होतं जी. फक्त आता मी आत."

काकाजी अंगणाकडे पाहात राहिले.

"माणूस मशीन नाही होत जी, नीट झाल्यावर ऐकाले," काकू म्हणाल्या. आणि मग आवाज बदलून, "ठेवते. भाजी लागून राह्यली खाली."

"ठेवू नको!" काकाजी इतक्या जोरात ओरडले की मी दचकले. उभ्या आयुष्यात त्यांचा चढलेला आवाज मी तो एकदाच ऐकला. "बंद नको करू. ओट्यावर ठेव तसाच."

"कावून?"

"ठेव ना. तू तुयं काम कर."

काकूंनी फोन ठेवला, पण बंद नाही केला. ठक् असा आवाज झाला. मग नळ. काहीतरी चर्रकन तेलात पडलं. लहान मूल धावत आलं, काकू त्याच्यावर ओरडल्या, मग त्यालाच हसवायला काहीतरी गुणगुणल्या. बेसूर, अगदी सांगितलं होतं तसंच. खालून हॉर्न. मोबाइलचा तो पत्र्यासारखा आवाज, त्यात सगळं एकमेकांत कालवलेलं. दुसरं कोणी असं काही लावलं असतं तर काकाजी कानात कापूस घालून उठून गेले असते.

ते पायरीवर पुढे वाकून बसले होते, फोन दोन्ही हातांत. डोळे मिटलेले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "गॅस डाव्या हाताले हाय. नळ उजव्या."

एवढ्याशा एका स्पीकरमधून डावं-उजवं काही कळत नसतं, हे मलाही समजतं. आणि मुलीचं पुण्याचं घर त्यांनी अजून पाहिलेलंही नव्हतं.

"ती मधात हाय," ते म्हणाले.

त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्यांनी फोनवरचा हात काढला नाही. मी उठले. त्यांना कळलंही नाही. गेट अलगद उघडलं, बाहेर पडले, आणि स्कूटी चालू न करता गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत हाताने ढकलत नेली.